अक्काची बाजू

देव आहे की नाही हे मला ठाऊक नाही. पण तो असलाच, तर लोणारात मेहकर रस्त्यावरून जाताना आमच्या साडूंच्या दुकानापाशी पायातल्या चपला काढून हातात घेत असणार आणि भिंतीच्या कडेकडेनं, खोकला आला तरी दाबून धरत, पुढं सटकत असणार. कारण साडूंच्या नजरेला पडला की त्याची सुटका नाही. त्याला आत बोलावलं जाईल, फडक्यानं पुसलेल्या स्टुलावर बसवलं जाईल, अर्धा कप चहा पाजला जाईल आणि मग विचारलं जाईल, "तुमी सोताले देव म्हणता, ठीक हाये. पण कशावरून?" त्यानं बिचाऱ्यानं आपले चार हात दाखवले, तर साडू ते चष्म्यातून नीट न्याहाळतील आणि म्हणतील, की हा चार हात असल्याचा पुरावा झाला, देव असल्याचा वेगळा द्या.

साडूचं नातं मोठं चमत्कारिक असतं. ते रक्ताचं नसतं आणि आपण निवडलेलंही नसतं. साखरखेर्ड्याच्या एका घरातल्या दोन बहिणी. थोरली अक्का लोणारला दिली, धाकटी डोणगावात माझ्या पदरी पडली, आणि तेवढ्या कारणावरून मी आणि हे गृहस्थ लग्नकार्यात शेजारी शेजारी बसून एकाच प्रकारचे टॉवेल-टोपी स्वीकारू लागलो. मी किराणा विकणारा माणूस. साखर गोड असते, मीठ खारट असतं, यापलीकडे सत्याशी माझा संबंध येत नाही. साडूंचं दुकान मोटार भरण्याचं, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून देण्याचं. अंगानं काडी, डोक्यावरचे केस कायम उभे, आणि चष्म्याची एक बाजू त्याच तांब्याच्या तारेनं बांधलेली. ती तार काढून नवी काडी बसवा म्हणून अक्का अर्धं आयुष्य सांगत होती. पण तारेमुळं चष्म्यातून कमी दिसतं हे आधी सिद्ध कर, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते सिद्ध होण्यासारखं नव्हतं.

दुकानात येणारा शेतकरी घाईत असतो. मोटार जळालेली, हरभरा पाण्याला आलेला, दिवसाची वीज संध्याकाळपर्यंतच. तो येऊन म्हणणार, काका, व्होल्टेज कमी होतं म्हणून जळाली. झालं. साडू हातातली पक्कड खाली ठेवणार आणि विचारणार, कशावरून? व्होल्टेज कमी होतं हे तू मोजलं, का शेजाऱ्यानं सांगितलं, का मोटार जळाली यावरूनच ते कमी असलं पाहिजे असं ठरवलं? एकदा माझ्यादेखत एका शेतकऱ्यानं हात जोडले आणि म्हणाला, "काका, माहा हरभरा वाळून राह्यला. तुमी मोटार द्या, मी चुकलो असं समजा." त्यावर साडू दुखावल्या आवाजात म्हणाले, "समजा कसं? चुकला असशीन तं पटवून घे, नसशीन तं मले पटव." तो माणूस मोटार मोटरसायकलवर टाकून दुसऱ्या दुकानात गेला. साडू कितीतरी वेळ रस्त्याकडं बघत होते. गिऱ्हाईक गेल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, वाद अर्धवट राहिल्याचं वाटलं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते साखरखेर्ड्याला, मुलगी पाहायला गेलो तेव्हा. घरचे थोरले जावई म्हणून ते समोरच्या खाटेवर बसले होते. इतरांनी मला विचारायचं ते विचारलं. दुकान स्वतःचं की भाड्याचं, शेत किती, पाणी कुठलं. सगळ्यांचं झाल्यावर यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "तुमी खरं कशाले म्हणता?" माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता. मी तो कसाबसा गिळला आणि म्हणालो, की जे डोळ्यांनी दिसतं ते खरं. ते म्हणाले, मग मुलगी आत्ता तुम्ही डोळ्यांनी पाहिली, तर तिच्याबद्दलचं खरं तुम्हाला कळलं का? हो म्हणावं तर आगाऊपणा, नाही म्हणावं तर लग्न मोडतं. माझे वडील माझ्याकडं बघायला लागले, मी पोह्यांकडं. शेवटी आतून एक ठसठशीत आवाज आला, "अवो, त्याइले पोहे खाऊ द्या. लगन झाल्यावर कळतेच सगळं." ती अक्का. तिच्या त्या एका वाक्यानं माझं लग्न झालं, असं मी आजही मानतो.

साडूंचा वाद साधासुधा नसायचा, त्याला एक नियम होता. तुम्ही त्यांच्याशी सहमत नसाल, तर आधी त्यांचं म्हणणं तुमच्या तोंडून मांडायचं. नक्कल करून नाही, चिडवून नाही, त्यांनी मांडलं असतं तसं. ते "हाव", म्हणजे आमच्या बोलीत "हो", म्हणाले, की मगच स्वतःचं बोलायला तोंड उघडायचं. त्यांनाही हाच नियम. ऐकायला सोपा वाटतो. करून पाहा. आपण ज्याच्याशी भांडतो त्याचं म्हणणं आपल्याला माहीतच नसतं, हे त्यात पहिल्या मिनिटाला उघडं पडतं आणि माणसाला घाम फुटतो.

एकदा मी लोणारला गेलो असताना ते मला सरोवराच्या काठावर फिरायला घेऊन गेले. तिथं दोन माणसं जुंपलेली. एक धोतरवाले आजोबा सांगत होते, की इथं लवणासुर राहायचा, त्याला भगवंतानं मारला, त्याचं हे विवर. दुसरा कुठलासा तरुण प्राध्यापक, तो सांगत होता, की आकाशातून उल्का पडली आणि जमिनीला हा खड्डा पडला. आवाज चढलेले. प्राध्यापक आजोबांना अडाणी म्हणून बसला होता आणि आजोबा त्याला धर्मबुडवा. साडू दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी नियम सांगितला. आजोबांना म्हणाले, तुम्ही उल्केची बाजू सांगा. प्राध्यापकाला म्हणाले, तुम्ही लवणासुराची. प्राध्यापक म्हणाला, त्याला बाजू कुठं आहे? साडू म्हणाले, जी गोष्ट इतक्या पिढ्यांच्या माणसांनी जपून ठेवली, ती कशासाठी जपली एवढं तरी सांगा. आणि आजोबांना विचारलं, की दगड आकाशातून पडूच शकत नाही असं तुमच्या भगवंतानं कुठं म्हटलंय का? दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग प्राध्यापकानं आजोबांचा हात धरला, दोघं एकाच ऑटोत बसले आणि निघून गेले. साडूंनी जगात काही लोकांची मनं जुळवली असतील, तर ती अशी, स्वतःच्या विरुद्ध.

असा माणूस कोणत्याच बाजूला नको असतो. जिल्ह्याच्या गावच्या विवेकवादी मंडळींनी त्यांना एकदा व्याख्यानाला बोलावलं. हे आयुष्यात कधी देवापुढं हात न जोडलेले, तेव्हा आपलेच, असा त्यांचा समज. साडूंनी नियमाप्रमाणं आधी भक्तांची बाजू मांडली, आणि ती इतकी मनापासून मांडली, की मागच्या रांगेतल्या दोन बाया डोळे पुसत नमस्कार करून गेल्या. स्वतःच्या बाजूवर येणार तोच अध्यक्षांनी घंटी वाजवली. पुढं गावच्या सप्ताहात कोणीतरी त्यांना चार शब्द बोला म्हणालं, तर तिथं त्यांनी नास्तिकाची बाजू आधी मांडली. तिथं घंटी नव्हती, पण टाळ होते.

मग मोबाइल आला आणि साडूंना वाटलं, आता घरबसल्या साऱ्या जगाशी बोलता येईल. भाबडा माणूस. घरच्या ग्रुपवर कोणी सकाळी सुविचार टाकला, की खाली यांचं एकच वाक्य: "कशावरून?" कोणी लिंबानं सगळे आजार जातात म्हणालं, कशावरून. कोणी आपला इतिहास सर्वांत थोर म्हणालं, तर दोन प्रश्न. आपला म्हणजे कोणाचा, आणि कशावरून. त्यांना घरच्या ग्रुपमधून काढलं, शाळेच्यातून काढलं, मोटारवाल्यांच्यातून काढलं. जातीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, की आता आपल्या माणसांनी एक व्हायला पाहिजे. यांनी विचारलं, मी तुमच्यातला आहे हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं, तुम्हाला तुमच्या. आपण दोघांनी स्वतः कधी तपासलं का? तिथून तर रागानं काढलं. रस्त्यात लोक त्यांना विचारायचे, की तुम्ही नेमके आहात कोण, कोणत्या बाजूचे? ते खरोखर विचार करायचे आणि म्हणायचे, "पाहून राह्यलो अजून." लोकांना वाटायचं हा शहाणपणा करतोय. पण ते पाहून राहिले होते, हे अगदी खरं होतं. शेवटी त्यांनी स्वतःचा ग्रुप काढला. त्यात आम्ही बरेच होतो, मग थोडे राहिलो, आता ते आणि मी आहोत. मी तिथं काही लिहीत नाही, पण मला बाहेर पडायचं धैर्यही होत नाही.

तो नियम साडूंचा, असं सगळा गाव समजतो. मीही समजत होतो. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बायकोनं मला सांगितलं, की तो नियम अक्काचा.

साडूंचं लग्न झालं तेव्हा ते वादाच्या ऐन भरात होते. अक्का उपासतापास करणारी, दिवा लावल्याशिवाय चूल न पेटवणारी. हे रोज सकाळी तिची टिंगल करायचे. देवाला भूक लागते का, उपास तू करते तर पुण्य त्याला कसं कळतं, असं सगळं. ती ऐकून घ्यायची. एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "हासा तुमी. पण मी कशाच्यानं करते हे, ते आधी माह्यासारखं सांगून दाखवा. मी हाव म्हटलं का मंग हासा." साडू म्हणाले, त्यात काय, आणि सांगायला लागले. तुला भीती वाटते म्हणून करते. ती म्हणाली, हे माझं नाही. तुझ्या आईनं शिकवलं म्हणून. हेही माझं नाही. तुला वाटतं काहीतरी मिळेल. ती भाकरी उलटवत म्हणाली, हे तर शेजारणीचं आहे, माझं नाही. साडू दुकानात गेले, दिवसभर मोटारी भरल्या, संध्याकाळी परत येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि पुन्हा सुरू केलं. असं पुष्कळ दिवस चाललं. ज्या दिवशी ती हाव म्हणाली, त्या दिवशी, बायको सांगते, ते हसले नाहीत. हसायचं विसरून गेले.

तेव्हापासून संध्याकाळी उंबऱ्यावर साडू आणि आत अक्का, हा त्या घराचा रिवाज झाला. मी स्वतः पाहिलंय. विषय कोणताही असो, देव, मेल्यावर काय, खोटं बोलून कोणाचं भलं होत असेल तर बोलावं का, साडू आधी तिची बाजू मांडायचे. "तुह्यं म्हणणं असं, का..." अशी सुरुवात करून, उजवा तळहात पुढं धरून, त्यावर काहीतरी ठेवलंय अशा जपणुकीनं. मग विचारायचे, "बराबर मांडलं का?" आणि थांबायचे. अक्का लगेच उत्तर द्यायची नाही. हातातली भाकरी तव्यावर टाकायची, पाणी फिरवायची, ती उलटवून निखाऱ्यावर फुगेपर्यंत बघायची, आणि मग म्हणायची, "हाव." नाहीतर म्हणायची, "नाही जमलं." तेवढा वेळ जगातला सर्वांत बडबड्या माणूस तळहात पुढं करून गप्प बसलेला असायचा. हाव आलं की त्यांचा चेहरा असा उजळायचा, की पुढं आपली बाजू मांडायची ते कैकदा विसरत. तसे वादात ते जिंकायचेही. अक्का म्हणायची, तुमचं खरं आहे, मला उत्तर नाही. आणि दुसऱ्या दिवशी उपास करायची. नवरात्रात ती खाली विवरात कमळजा देवीला जायची, तर हे सोबत उतरायचे, बाहेर तिच्या चपला राखत बसायचे, आणि चढ चढताना धापा टाकत तिच्याशी भांडायचे. आत एकदाही गेले नाहीत. तिनं एकदाही या म्हटलं नाही.

गेल्या माघात थोड्याशा तापाचं निमित्त झालं आणि अक्का गेली.

आता दिवस करायचे की नाही, यावरून घर दोन गटांत उभं राहिलं. एकीकडं नातेवाईक, दुसरीकडं साडूंचे ते व्याख्यानवाले स्नेही. ते मुद्दाम येऊन सांगून गेले, की तुम्ही आयुष्यभर जे बोललात त्याची हीच परीक्षा आहे. मुलगा पुण्याहून आलेला, तो बापाकडं बघत होता. साडू भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, की सगळं करायचं, तिला हवं तसं. स्नेह्यांमधला एक जण जरा कडवटपणानं म्हणाला, म्हणजे शेवटी मानलंत तर. साडू म्हणाले, "मी नाही मानत. पण इतके दिवस तिची बाजू सांगाले ती होती. आता ती मलेच सांगा लागते."

दहाव्या दिवशी आम्ही सगळे धारेजवळ, म्हणजे सरोवराच्या काठच्या बारमाही झऱ्यापाशी, जमलो. पिंड ठेवले आणि बाजूला होऊन कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल, तर कावळा शिवत नाही, असं आपल्यात मानतात; मग घरचे एकेक जण पुढं होऊन शब्द देतात. कावळे होते, समोरच्या झाडावर चांगले चार-सहा बसलेले, पण एकही खाली येईना. मुलगा पुढं झाला आणि म्हणाला, आई, बाबांना मी पुण्याला नेतो. काही नाही. माझी बायको म्हणाली, अक्का, भाऊजींकडं आम्ही लक्ष देऊ, तू काळजी करू नको. काही नाही. कोणी नवरात्राचा नवस बोललं, कोणी नातीच्या लग्नाचं बोललं. ऊन चढायला लागलं. विधी सांगणारे महाराज दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावायच्या गोष्टी करू लागले. तेवढ्यात कोणीतरी साडूंना म्हणालं, तुम्ही काहीतरी बोला.

मला धाकधूक वाटली, कारण कावळ्यावर त्यांचं एक जुनं भाषण होतं. दहाव्याच्या जागेवरच्या कावळ्यांची पोटं कशी भरलेली असतात, याबद्दलचं. ते पुढं गेले. हात जोडले नाहीत. पिंडांपासून थोडं अलीकडं, उंबऱ्यावर बसायचे तसे उकिडवे बसले, आणि उजवा तळहात पुढं धरला.

"तुह्यं म्हणणं असं," ते म्हणाले, "का गेलेल्या माणसाले काही पोचते का नाही, ते आपल्याले माहीत नाही. पण मांगं राह्यलेल्या माणसाले दहा दिवस कामाले लावा लागते, नाही तं ते खाटीवरून उठत नाही. आन् आपल्या घासाच्या आधी दुसऱ्या कोणाले घास ठेवल्याबिगर त्याले भूक लागत नाही. मी म्हणतो कावळा उपाशी असते म्हणून येते. तू म्हणते, हाव, उपाशीच असते, मंग उपाशी जीवाले बोलावलं तं त्यात तुमचं काय गेलं. असं तुह्यं म्हणणं." मग अगदी हळू म्हणाले, "बराबर मांडलं का?"

आणि ते थांबले.

आम्ही सगळे झाडाकडं बघत होतो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग झाडावरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारत पिंडाजवळ गेला आणि त्यानं चोच घातली. मुलगा ओक्साबोक्शी रडायला लागला. बायका पदर डोळ्यांना लावून अक्काचं नाव घेऊ लागल्या. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. एक म्हातारे नातेवाईक साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की आता तरी मानता ना, तिनं ऐकलं तुमचं. साडूंनी तळहात हळूच मिटला. म्हणाले, "कावळ्याले भूक लागली होती, मामा."

लोकांना ते फार लागलं. इतका कोरडा माणूस पाहिला नाही, असं परतीच्या वाटेवर सगळे बोलत होते. साडू मागं पडले होते, म्हणून मीही रेंगाळलो. त्यांच्याबरोबर न बोलता चालायची मला सवय नव्हती. मग म्हणाले, "तिनं हाव म्हटलं, असं मानाचं लई मन होते, साडूभाऊ. तुमाले सगळ्याइले भेटलं ते, मलेच नाही भेटलं. पण कावळ्याचं येणं मी तिचं हाव म्हणून घेतलं, तं तिच्यासमोर कोन्तं तोंड घेऊन बसू? ती म्हणीन, मंग एवढी वर्सं माह्याशी काहाले भांडले?" तिच्यासमोर म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. त्यांच्या नियमानं पाहिलं तर विचारायला हवं होतं. पण त्यांच्या चष्म्याची ती तांब्याची तार उन्हात चमकत होती आणि काचेच्या आत सगळं ओलं झालं होतं, तेव्हा मी नुसता त्यांचा हात धरून चालत राहिलो.

त्यानंतर एक विपरीत गोष्ट झाली. साडूंशी सगळे सहमत व्हायला लागले. एकटा पडलेला म्हातारा माणूस, त्याच्याशी कोण भांडणार? दुकानात ते काही बोलले की शेतकरी म्हणतात, बरोबर आहे काका. मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, तुम्ही म्हणता तेच खरं. मीही तेच म्हणतो. आयुष्यभर ज्यांना कोणी होकार दिला नाही, त्यांना आता उठल्यासुटल्या होकार मिळतो, आणि प्रत्येक होकारासरशी ते थोडे वाळत चालले आहेत. पुण्याला मुलाकडं ते थोडे दिवस राहून आले. तिथं फार चांगली माणसं आहेत, म्हणाले, कोणीच कोणाला काही विचारत नाही. आता ते दुकान लवकर बंद करून घरी येतात, हातानं दोन भाकरी थापतात, आणि उंबऱ्यावर बसून खातात. आतल्या बाजूला तोंड करून.

परवा आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. चहा करता करता त्यांनी विषय काढला, की मुलगा म्हणतो हे घर विकून टाका. त्यावर अक्काची बाजू अशी असती, असं म्हणून त्यांनी तळहात पुढं धरला. अक्का म्हणाली असती, की घर म्हणजे नुसत्या भिंती, माणूस नाही तर घर नाही, विकायला हरकत नाही. त्यांनी छान मांडलं. मी सवयीनं मान हलवून बरोबर म्हणणारच होतो, एवढ्यात बायको कपबशी खाली ठेवून म्हणाली, "नाही भाऊजी. हे अक्काचं नाही."

साडूंनी गॅस बंद केला. चहा तसाच राहिला. ते वळले, उंबऱ्यावर बसले आणि त्यांच्या आवाजात मला किती महिन्यांनी ती जुनी धार ऐकू आली. "कशावरून?" बायको म्हणाली, अक्का भिंतीशी बोलायची, तुम्ही दुकानात गेल्यावर, मी ऐकलंय. साडू म्हणाले, भिंतीशी बोलायची म्हणजे भिंतीला माणूस समजायची असं होत नाही. मग ती काहीतरी म्हणाली, मग हे. मधेच तिनं त्यांची बाजू चुकीची मांडली, तर त्यांनी तिला पहिल्यापासून मांडायला लावली. मी कोपऱ्यात बसून दोघांकडं बघत होतो. उन्हं कलली, गाडीची वेळ झाली, तरी अक्काची बाजू काही ठरली नाही. घर विकायचं की नाही तेही ठरलं नाही. साडू आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आले आणि वाटेवरही भांडत आले. आम्ही गाडीत चढताना ते बायकोला म्हणाले, की विचार करून ठेवतो, पुढच्या रविवारी ये.

जागा मिळाल्यावर मी बायकोला विचारलं, अक्का खरंच भिंतीशी बोलायची का? ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "बोलाची. पण घराचं काय म्हणली असती, ते मले कुठं माहीत? त्याइले कोणी 'नाही' म्हणत नाही न आता. अक्काच म्हणाची."

गाडी सुरू झाली. मी मागं वळून पाहिलं. साडू स्टँडवर गर्दीच्या बाजूला एकटेच उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, आणि उजवा तळहात पुढं धरलेला होता; बायकोचं ऐकून अक्काची बाजू ते पुन्हा नव्यानं मांडत होते. मग ओठ थांबले. माणसं त्यांना वळसा घालून जात होती, पण ते हलले नाहीत. एक भाकरी तव्यावर पडून, पाणी फिरून, उलटून, निखाऱ्यावर फुगायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी तळहात मिटला आणि घराकडं निघाले.